पुढे काय झालं?

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय ते निव्वळ मजेसाठी वाचलेल्या कादंबऱ्यांवर. परीक्षेला नेमलेल्या नाहीत, चारचौघांत नाव घ्यायला बऱ्या दिसतात म्हणून वाचलेल्या तर नाहीतच, फक्त 'पुढे काय झालं?' एवढ्या एका ओढीने आपण रात्री दोन दोन वाजेपर्यंत जागलो त्या.

कुठल्याही गावातलं जुनं वाचनालय बघा. ह्या पुस्तकांची पाठ उसवलेली असते, वरती खाकी कव्हर, कोपरे मळून गुळगुळीत झालेले, मधेच एखाद्या पानावर कुणीतरी पेन्सिलने लिहून ठेवलेलं की खुनी कोण ते (असं करणाऱ्याला खरंच शिक्षा पाहिजे!). माझ्या मते पुस्तक लोकांना आवडलं की नाही ह्याचा ह्याहून मोठा पुरावा नाही. आणि तरीही मराठी साहित्यावर गंभीर चर्चा सुरू झाली की ही नावं कुणी घेत नाही, ह्याचं मला मनापासून वाईट वाटतं. वाचकाला शेवटच्या पानापर्यंत धरून ठेवणं ही लिहिण्यातली फार अवघड गोष्ट आहे हो.

बाबूराव अर्नाळकरांचंच घ्या. खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण, जन्म १९०६ चा, आणि लिहिल्या किती तर हजारावर रहस्यकथा. झुंजार, काळा पहाड, धनंजय ही त्यांच्या नायकांची नावं एका अख्ख्या पिढीला घरच्या माणसांसारखी माहीत होती. आज वाचताना त्यातली रहस्यं साधी वाटतात, हे मान्य. पण वेग बघा. पहिल्या दोन पानांत गुन्हा घडलेला असतो, झुंजार निघालेला असतो, आणि एक वाक्य फुकट गेलेलं नसतं. ज्यांनी आयुष्यात दुसरं पुस्तक हातात धरलं नसतं अशा कितीतरी लोकांना ह्या माणसाने वाचायची सवय लावली, आणि माझ्या दृष्टीने हे काम कुठल्याही पुरस्काराच्या तोडीचं आहे.

पण माझं खरं प्रेम नारायण धारपांवर. धारप पुण्याचे, १९२५ ते २००८. भीतीच्या गोष्टी म्हटलं की स्मशान, पिंपळ, पांढरी साडी असं काहीतरी डोळ्यासमोर येतं ना, धारपांना त्याची गरजच पडत नाही. त्यांचा माणूस नोकरी करणारा, हिशोबी, देवधर्माचं फारसं न करणारा असा कुणीतरी असतो, त्याला एखादं जुनं घर मिळतं, तो साफसफाई करतो, सामान लावतो, चहा करतो, आणि हे सगळं धारप इतक्या शांतपणे सांगत राहतात की आपण सैल होऊन बसतो. मग एका खोलीत जरा जास्तच गारठा जाणवतो. बस, एवढंच. पुढची दहा पानं परत रोजचं सुरू, पण आता आपण प्रत्येक वाक्याकडे संशयाने बघायला लागलेलो असतो, आणि ते काय आहे हे धारप पूर्णपणे कधीच दाखवत नाहीत. वास, प्रकाश, आवाज, एवढ्यावर काम भागवतात, बाकीचं आपलं डोकं करतं.

त्यांच्या 'समर्थ' मालिकेबद्दल मात्र माझं मत थोडं वेगळंय. वाईट शक्तींशी लढणारे हे समर्थ आले की मला भीती वाटायची थांबते, कारण हा माणूस सगळं निभावून नेणार हे माहीत असतं. त्या कथा मी धीर मिळावा म्हणून वाचते, दचकायचं असेल तेव्हा धारपांचीच 'लुचाई' ही कादंबरी काढते. 'लुचाई'ची मूळ कल्पना स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'ची, हे बऱ्याच वाचकांना माहीत आहे आणि काहीजण त्यावरून नाकं मुरडतात. मला ते पटत नाही. परदेशातलं भूत उचलून आपल्या वाड्यात आणणं आणि ते तिथलंच वाटणं, ह्याला आपली माणसं, आपली घरं आतून माहीत असावी लागतात. २०१८ च्या 'तुंबाड' सिनेमाचं बीजसुद्धा धारपांच्याच एका कथेत आहे, तेव्हा सिनेमा आवडला असेल तर एवढं कर्ज फेडाच.

आता सुहास शिरवळकर, म्हणजे वाचकांचे सुशि. त्यांची कॉलेजातल्या पोरांवरची 'दुनियादारी' ही कादंबरी १९८२ ची, त्यावर सिनेमा आला २०१३ ला, आणि त्यानंतर बऱ्याच नव्या पोरांनी कादंबरी शोधून वाचली, ही फार चांगली गोष्ट झाली. पण सिनेमा बघून 'कळली आपल्याला दुनियादारी' म्हणू नका प्लीज. कादंबरीतला कट्टा जास्त खरा आहे, जास्त उद्धट आहे, आणि पोरं हसत असतानाच त्यांचं घरचं दुखणं मधूनच वर येतं ते सुशि एका छोट्या वाक्यात सांगून मोकळे होतात. संवाद लिहावेत तर सुशिंनी! कोण बोललं हे लिहिलेलं नसतं तरी आपल्याला आवाजावरून कळतं. त्यांच्या काही कादंबऱ्यांत मुली फक्त सुंदर आणि हळव्या एवढ्याच राहतात, ते मला खटकतं, तिथे मी भराभर पानं उलटते. पण त्यांच्या रहस्यकथांतले नायक घ्या, बॅरिस्टर अमर विश्वास, फिरोज इराणी, मंदार पटवर्धन, दारा बुलंद, प्रत्येकाचा बाज वेगळा, एकाचं पुस्तक वाचताना दुसऱ्याची आठवणसुद्धा येत नाही. एकाच माणसाने हे सगळं लिहिलंय ह्याचं मला अजून नवल वाटतं.

शशी भागवतांचं 'मर्मभेद' राहिलंच की! राजवाडा, कट, तलवारी, वेषांतर, आणि भाषा अशी भरजरी की पहिली काही पानं जड जातात. तिथे सोडू नका, एकदा का लय सापडली की जेवायला उठवत नाही.

कुठून सुरुवात करू असं विचाराल तर कॉलेजातल्या पोरांनी 'दुनियादारी'च घ्यावी, ज्यांना धीर आहे त्यांनी धारप, तेही घरात माणसं असताना. आणि घरातल्या आजोबांना अर्नाळकरांचं नाव सांगून बघा, झुंजारचे किस्से ऐकायला मिळतील. वाचनालयात ही पुस्तकं समोरच्या फळीवर नसतात बरेचदा, आतल्या कपाटात असतात, तेव्हा तिथल्या ताई-दादांना नाव घेऊन मागा. सारखी मागणी आली की ते नवी प्रत मागवतात.