चार्जरचा पिवळा दिवा

मित्रहो, गेल्या मे महिन्यात नागपूरच्या लकडगंजातल्या एका सुतारमित्राने मला घाईने बोलावून घेतले, कारण त्याने नुकताच घेतलेला चार्जर बिघडला आहे अशी त्याची खात्री झाली होती. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारचे दोन वाजले होते. ड्रिलमधून काढलेली बॅटरी हाताला चटका देत होती, आणि ती चार्जरवर सरकवली की पिवळा दिवा लुकलुकत राही, हिरवा काही लागेना. आम्ही ती बॅटरी आतल्या खोलीत कूलरच्या वाऱ्यात अर्धा तास ठेवली आणि पुन्हा बसवली, तेव्हा चार्जिंग निमूट सुरू झाले. चार्जरमध्ये काहीही बिघाड नव्हता. बॅटरी तापलेली आहे, तिच्यात आत्ता वीज भरली तर तिचे आयुष्य कमी होईल, हे त्याने ओळखले होते आणि म्हणून तो थांबला होता. आजचे माझे सारे बोलणे या थांबण्याभोवतीच आहे, कारण कॉर्डलेस, म्हणजे बिनवायरच्या, बॅटरीवर चालणाऱ्या हत्याराच्या रचनेतला सर्वांत कठीण आणि सर्वांत कमी दिसणारा भाग तोच आहे, असे मला इतक्या वर्षांच्या कामानंतर वाटते.

इतिहास थोडक्यात सांगतो. हातात पिस्तुलासारखे धरायचे, बोटाने खटका दाबायचे विजेचे ड्रिल ब्लॅक अँड डेकर या अमेरिकी कंपनीच्या संस्थापकांनी 1910 च्या दशकात आणले आणि 1917 मध्ये त्याचे पेटंट मिळवले. त्याच कंपनीने 1961 मध्ये निकेल-कॅडमियम सेलवर चालणारे बिनवायरचे ड्रिल बाजारात आणले. चंद्रावर जाण्यासाठी नासाने कॉर्डलेस हत्यारे शोधून काढली असे अनेक ठिकाणी छापून येते, ते बरोबर नाही. नासाने चंद्रावरची माती खणण्याच्या ड्रिलसाठी याच कंपनीची मदत घेतली आणि ते ड्रिल 1971 मध्ये अपोलो 15 बरोबर गेले, पण त्याच्या दहा वर्षे आधीच हे हत्यार दुकानात मिळत होते. सोनीने 1991 मध्ये लिथियम-आयन सेल विक्रीस आणला तो कॅमेऱ्यासारख्या हलक्या उपकरणांसाठी होता, आणि ड्रिलच्या दांडगाईला पुरेल इतका प्रवाह एका दमात देणारे लिथियम सेल हाती यायला 2005 च्या आसपासचा काळ उजाडला.

आता हा बॅटरीचा पॅक पाहा. मी तो तुमच्यासमोर चार स्क्रू काढून उघडतो. आत पाच सेल आहेत, प्रत्येक 18 मिलिमीटर जाड आणि 65 मिलिमीटर लांब, म्हणूनच बाजारात त्याला अठरा-सहाशे पन्नास म्हणतात. प्रत्येक सेलचा सरासरी दाब 3.6 व्होल्ट, पाच एकापुढे एक जोडले की 18 होतात. पूर्ण भरल्यावर प्रत्येक सेल 4.2 पर्यंत चढतो, म्हणजे पॅक 21 पर्यंत जातो. त्यामुळे एकाच रचनेच्या पॅकवर कुणी 18, कुणी 20 आणि कुणी 21 लिहितो, आणि तिन्ही आकडे आपापल्या जागी खरे असतात. इतवारीत किंवा सीताबर्डीवर स्वस्तातल्या मशीनवर 48 किंवा 88 या आकड्यापुढे व्हीएफ अशी अक्षरे दिसतात, ती मात्र व्होल्ट नव्हेत. असा पॅक उघडला तर बहुतेक वेळा हेच पाच सेल निघतात. गिऱ्हाइकाने आकड्यावर जाऊ नये, वॅट-तास विचारावेत. 18 व्होल्ट आणि 2 अँपिअर-तास म्हणजे 36 वॅट-तास, आणि 4 अँपिअर-तास म्हणजे 72. पॅकमध्ये किती काम भरलेले आहे ते याच आकड्यावरून कळते.

सेलच्या टोकांना जोडणाऱ्या या चकचकीत पट्ट्या निकेलच्या आहेत. त्या सोल्डरने लावलेल्या नाहीत, स्पॉट वेल्डने लावलेल्या आहेत, कारण सोल्डरिंगची उष्णता सेलच्या आतल्या प्लॅस्टिकच्या पातळ पडद्याला सोसत नाही. मधल्या सेलला चिकटवलेला हा मोहरीपेक्षा थोडा मोठा काळा मणी पाहा. तो थर्मिस्टर आहे. तापमान वाढले की त्याचा रोध कमी होतो, आणि पॅकच्या टर्मिनलांपैकी एकाद्वारे तो रोध चार्जरला वाचता येतो. लकडगंजातला पिवळा दिवा याच मण्याच्या सांगण्यावरून लुकलुकत होता.

उष्णता येते कुठून, ते आकड्यांनी पाहू. चांगल्या सेलचा अंतर्गत रोध साधारण 20 मिलिओहम धरा; पाच सेलांचा मिळून 100, म्हणजे ओहमचा दहावा भाग. सागाच्या जाड फळीत मोठे भोक पाडताना ड्रिल सहज 20 अँपिअर ओढते. प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे 400 गुणिले 0.1, म्हणजे 40 वॅट. तुमच्या टेबलावरची सोल्डरिंग आयर्न बहुतेक 25 किंवा 40 वॅटची असते. तेवढी उष्णता या बंद प्लॅस्टिकच्या डबीत, पाच सेलांच्या पोटात तयार होते आणि तिला बाहेर पडायला नीटशी वाट नसते.

याच हिशेबाने मोठ्या पॅकचा खरा फायदा कळतो. 4 अँपिअर-तासांच्या पॅकमध्ये असे दहा सेल असले, तर ते दोन-दोनच्या जोडीने लावलेले असतात, त्यामुळे प्रत्येक सेलमधून 20 ऐवजी 10 अँपिअर वाहतात. प्रवाह निम्मा झाला की प्रत्येक सेलमधली उष्णता चौथाईवर येते, 8 वॅटवरून 2 वॅटवर. मोठा पॅक जास्त वेळ चालतो म्हणून लोक घेतात, पण आपल्या विदर्भात तो थंड राहतो म्हणून घ्यावा, असे मी प्रत्येक कारागिराला सांगतो. टर्मिनलचेही असेच आहे. टर्मिनलवर कार्बन चढून तिथे 10 मिलिओहमचा रोध आला, तर 30 अँपिअरला तिथेच 9 वॅट जळतात, पितळ काळे पडते, स्प्रिंगचा ताण उतरतो, रोध आणखी वाढतो आणि शेवटी भोवतालचे प्लॅस्टिक वितळते. आठवड्यातून एकदा कोरड्या कापडाने टर्मिनल पुसणे एवढाच त्यावरचा उपाय आहे.

मोटरविषयी मी फार वेळ घेणार नाही. ब्रशलेस मोटरमध्ये कार्बन ब्रश आणि त्यांचे घर्षण नसते, वाइंडिंग बाहेरच्या स्थिर भागावर असते आणि सहा मॉसफेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक खटके, तिला पाळीपाळीने वीज देतात. त्यामुळे तेवढ्याच कामाला बॅटरीतून कमी वीज लागते आणि पॅक कमी तापतो. आपल्या विषयापुरते एवढे पुरे.

आता माझी स्वतःची एक चूक सांगायला हवी. बारा-तेरा वर्षांपूर्वी हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत मी एका छोट्या कारखान्यात होतो, आणि काटोलकडच्या संत्राबागांसाठी छाटणीच्या बॅटरी कात्रीचा पॅक व चार्जर आखण्याचे काम माझ्याकडे होते. पॅक दहा सेलांचा होता. जुळणी सोपी व्हावी म्हणून मी थर्मिस्टर कडेच्या, डबीच्या भिंतीला टेकलेल्या सेलवर लावला. चाचण्या डिसेंबर-जानेवारीत झाल्या, सगळ्या उत्तम झाल्या. मे अखेरीस बागांमध्ये सल, म्हणजे वाळक्या फांद्या, काढण्याचे काम सुरू झाले आणि जुलैपर्यंत पॅक परत येऊ लागले. तक्रार एकच होती, कात्री तासाभरातच बंद पडते. आम्ही पॅक उघडून एकेक सेल मोजला. कडेचे सेल जवळजवळ नव्यासारखे होते, आणि मधले दोन पार बसले होते. भिंतीजवळच्या सेलला गारवा मिळत होता, म्हणून थर्मिस्टर चार्जरला सांगत होता की सगळे ठीक आहे. मधले दोन सेल चहूबाजूंनी तापलेल्या शेजाऱ्यांमध्ये अडकले होते, आणि चार्जर त्यांच्यात पूर्ण प्रवाहाने वीज भरत होता. पॅकची ताकद त्याच्या सर्वांत दुबळ्या सेलएवढीच असते, त्यामुळे दोन सेलांनी दहाही सेल निकामी केले. मणी तीन सेंटिमीटर आत सरकवला असता तर एकही शेतकरी परत आला नसता. तेव्हापासून मी पॅक हातात घेतला की आधी मण्याची जागा पाहतो, आणि कुठलाही चार्जर हिवाळ्यात पास करत नाही.

चार्जरच्या आत काय घडते ते आता पाहू. भिंतीतली 230 व्होल्टची वीज आधी डायोडांतून जाऊन सुमारे 325 व्होल्टचा एकदिश दाब तयार होतो. मग एक मॉसफेट तो दाब सेकंदाला हजारो वेळा तोडतो-जोडतो, आणि त्या वेगामुळे आगपेटीएवढा ट्रान्सफॉर्मर पुरतो. जुन्या चार्जरमधल्या लोखंडी, किलोभर वजनाच्या ट्रान्सफॉर्मरचे काम तो करतो. या सर्किट बोर्डात मधोमध कापलेली ही फट पाहा. फटीच्या अलीकडे भिंतीची वीज आहे, पलीकडे तुमच्या बोटांना लागू शकणारी टर्मिनले आहेत, आणि ही दोन्ही अंगे केवळ ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्राने आणि ऑप्टोकपलर या प्रकाशाने संदेश पोहोचवणाऱ्या भागाच्या मदतीने एकमेकांशी बोलतात. स्वस्त नकली चार्जरमध्ये ही फट नसते किंवा अरुंद असते, आणि मला त्याचीच सर्वांत जास्त धास्ती वाटते, कारण तो दोष बॅटरीपाशी न थांबता माणसाच्या जिवावर बेततो.

पुढचा भाग म्हणजे भरण्याची शिस्त. लिथियम सेलला आधी ठरावीक प्रवाहाने वीज द्यायची, सेल 4.2 व्होल्टला पोहोचला की दाब तिथेच धरून ठेवायचा, मग प्रवाह आपोआप उतरत जातो, आणि तो सुरुवातीच्या दहाव्या-विसाव्या हिश्श्यावर आला की पूर्ण बंद करायचा. निकेल-कॅडमियमची रीत निराळी होती. तो सेल भरत आला की त्याचा दाब किंचित खाली येत असे आणि चार्जर त्या खुणेची वाट पाहत असे. म्हणून जुना चार्जर नव्या पॅकला कधीही लावू नये.

तापमानाचे नियम यावर बसतात. बहुतेक लिथियम सेल 0 ते 45 अंशांदरम्यान भरावेत असे निर्माते सांगतात. शून्याखाली भरले तर लिथियम धातूच्या रूपात आतल्या पट्टीवर साचतो. 45 च्या वर आतला द्रव आणि ग्राफाइट यांच्यातली नको ती रासायनिक क्रिया वेगाने वाढते आणि क्षमता कायमची घटते. शून्याची चिंता नागपूरला नाही. पण 45 चे काय करायचे? या शहरात 2013 च्या मे महिन्यात 47.9 अंशांची नोंद झाली आहे, आणि पत्र्याखाली पारा त्याहून वर जातो. चार्जरचा पंखा पॅकला भोवतालच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही, त्यामुळे 45 ला सरळ थांबणारा चार्जर आपल्याकडे दुपारभर पिवळाच राहील. जपानच्या इलेक्ट्रॉनिक्स उद्योगसंघटनेच्या 2007 च्या मार्गदर्शक सूचना यावर शहाणा मार्ग दाखवतात. तापमान वाढत जाईल तसा प्रवाह आणि दाबाची कमाल मर्यादा पायरीपायरीने उतरवायची, म्हणजे सेल 4.2 ऐवजी 4.1 पर्यंतच भरायचा. थोडे कमी काम मिळते, पण सेल टिकतो. विदर्भासाठी चार्जर आखणाऱ्याने ही पायरी घातलीच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

उन्हाळा चार्जरलाही सोडत नाही. आतला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, म्हणजे वीज क्षणभर साठवून दाब स्थिर ठेवणारा भाग, 105 अंशांना 2000 तास टिकेल असे त्यावर लिहिलेले असते, आणि दर 10 अंश कमी तापमानाला त्याचे आयुष्य साधारण दुप्पट होते. म्हणजे आतले तापमान 85 वरून 75 वर आले तर 8000 तासांचे 16000 होतात. चार्जर भिंतीवर, सावलीत, भुशापासून दूर टांगला की ते दहा अंश फुकट मिळतात. आणि आपल्याकडे कूलर आहे. मे महिन्याच्या कोरड्या हवेत त्याचा वारा बाहेरच्यापेक्षा दहा-बारा अंशांनी तरी गार असतो; तापलेला पॅक त्या झोतात ठेवावा, चार्जर मात्र तुषार उडणार नाहीत इतका बाजूला ठेवावा.

शेवटी मघाशी एका विद्यार्थ्याने चिठ्ठी पाठवून विचारलेला प्रश्न घेतो. चार्जर स्वीकारत नसलेला मेलेला पॅक दुसऱ्या भरलेल्या पॅकला वायरने जोडून जिवंत करता येतो, तसे करावे का? करू नये. सेल फार खाली उतरला की आतल्या तांब्याच्या पत्र्याचे तांबे विरघळू लागते, आणि पुन्हा वीज भरताना ते भलत्या ठिकाणी साचून आतल्या आत शॉर्ट होण्याची वाट तयार करते. अशा पॅकला नकार देणारा चार्जर बरोबरच वागतो. पॅक इतका खाली जाण्याची दोन कारणे मला नेहमी दिसतात. काही निर्मात्यांनी दाब उतरल्यावर वीज तोडण्याची सोय पॅकमध्ये न ठेवता मशीनमध्ये ठेवलेली असते, आणि अडॅप्टर लावून तो पॅक दुसऱ्या कंपनीच्या मशीनवर चालवला की तोडणारे कुणीच उरत नाही. दुसरे कारण म्हणजे काम संपल्यावर रिकामा पॅक तसाच पेटीत टाकून चार महिने विसरणे. पेटीत ठेवण्याआधी पॅकवरचे बटण दाबा, चारपैकी दोन दिवे लागतील इतका तो भरा, आणि पेटी पत्र्याखालच्या माळ्यावर न ठेवता खाली फरशीवर ठेवा.