ऑपरेशनची फाईल कुठे आहे?

(सांगलीतील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, विषय ठरलाय जन्मजात हृदयदोष घेऊन मोठ्या झालेल्या माणसांच्या धोक्यांचा. तिकडे येतोच, पण आधी एक तक्रार. लहानपणी हृदयाचं ऑपरेशन झालेल्या तिशीतल्या माणसाला विचारा, काय केलं होतं? "भोक होतं, बुजवलं." फाईल? "ट्रंकेत होती, २०१९ च्या पुरात गेली." सांगलीत हे पटतं. पण दुष्काळी जतच्या फायली कुठल्या पुरात गेल्या? (हशा) त्याच घरात गेल्या हंगामातला हळदीचा भाव विचारा, तोंडपाठ!

आता फाईल कशाला हवी ते ऐका. वरच्या दोन कप्प्यांमधलं भोक लहानपणीच बंद झालं असेल, तर बहुतेकांचं पुढे सुरळीत चालतं. पण फॅलो, म्हणजे निळं पडणारं बाळ, ही वेगळी गोष्ट. तिथे भोक बुजवतातच, शिवाय फुफ्फुसाकडची अरुंद वाट रुंद करताना बऱ्याचदा झडपेवरही कात्री चालते. मग झडप गळते, रक्त मागे फिरतं आणि उजवा खालचा कप्पा वर्षानुवर्षं फुगत जातो. माणूस शेतात राबतो, जिने चढतो, तक्रार शून्य. एके दिवशी धडधड, चक्कर. ईसीजीत क्यूआरएसची, म्हणजे ठोक्याच्या आलेखातल्या मधल्या उंच टोकाची, रुंदी १८० मिलिसेकंदांच्या पुढे गेली असेल, तर घातक ठोक्यांचा धोका वाढलेला असतो. हा कप्पा टूडी इकोत नीट मापता येत नाही, एमआरआय लागतो. नवी झडप बसवायची ती कप्पा थकायच्या आत.

यातल्या काहींना मोठ्या ऑपरेशनआधी हाताकडे जाणारी धमनी फुफ्फुसाच्या धमनीला जोडून दिलेली असते. त्या दंडाला बीपीचा पट्टा बांधला की आकडा फसवा, कमी येतो. दुसऱ्या हाताचं मोजायचं. पण कुठला हात ते फाईलच सांगणार ना! ती नसेल तर शर्ट काढून व्रण बघा: छातीच्या मधोमध आहे, की काखेखालून पाठीकडे गेलाय, आणि कुठल्या बाजूला.

काही फायली हरवत नाहीत, लपवल्या जातात. मुलीची सोयरीक जमवायची असते ना! गरोदरपणात रक्ताचं प्रमाण ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं. फुफ्फुसातला दाब कायमचा चढलेला असेल, तर ते जिवावर बेततं. हे दिवस राहण्याआधी तपासायचं असतं, सातव्या महिन्यात नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं. म्हणजे मुख्य विषयाला पाच मिनिटं! (हशा) भरभर सांगतो. कृत्रिम झडप असलेल्यांनी, पूर्वी झडपेला जंतुसंसर्ग झालेल्यांनी आणि अजून निळे असलेल्यांनी दात काढण्याआधी ३० ते ६० मिनिटं अमॉक्सिसिलिन हे जंतूंवरचं औषध २ ग्रॅम घ्यायचं, डॉक्टरांना विचारून. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर औषध बदलतं. महाधमनी आकसलेली होती? ऑपरेशननंतरही बीपी चढतं. उजव्या हाताचं आणि पायाचं मोजा, हाताचं २० ने जास्त भरलं तर पुढची तपासणी. शाळेतली आरोग्य तपासणी अठराव्या वर्षी संपते, त्यानंतर विचारणारं कुणी नसतं. आणि साखर, कोलेस्टेरॉल, बीपी यांतून यांना सूट नाही. उलट आधीच शिवलेल्या हृदयावर त्यांचा भार पडतो. मशेरी लावणाऱ्या मावशींनो, त्यातही तंबाखूच असते. ती आजपासून बंद.