'तो' आणि 'तू'

श्रोतेहो, प्रभू येशूच्या नावात आपणा सर्वांना सलाम.

आपल्यापैकी कुणी आजारपणाने थकला असेल, कुणाच्या घरातलं माणूस नुकतंच गेलं असेल. "देवा, तू आहेस कुठे?" असं मनात येतं, आणि लगेच अपराधीही वाटतं. असं विचारलं म्हणजे विश्वास डळमळला का?

बायबलमधलं २३वं स्तोत्र आपल्याला तोंडपाठ असतं. परमेश्वर माझा मेंढपाळ आहे. तो मला हिरव्या कुरणांत बसवतो, तो मला संथ पाण्यावर नेतो. इथवर सगळं 'तो'. मग वाट मृत्युच्छायेच्या दरीत उतरते आणि स्तोत्रकर्ता एकदम म्हणतो, 'तू माझ्याबरोबर आहेस.' कुरणात असताना तो देवाविषयी बोलत होता, दरीत मात्र देवाशीच बोलायला लागला.

लहानपणापासून हे स्तोत्र म्हणत आलो, पण हा बदल ध्यानात आला तो आईच्या शेवटच्या आजारपणात. रात्री तिच्या उशाशी बसून वाचत होतो. तिला ऐकू जातंय की नाही, कळत नव्हतं. 'तू'पाशी आलो आणि पुढे आवाजच फुटेना. तिने डोळे उघडले नाहीत. बोटं तेवढी माझ्या हातावर हलली.

८८वं स्तोत्र तर अंधारातच संपतं. मूळ हिब्रूत त्याचा शेवटचा शब्दच 'अंधार' असा आहे. तरी ते पवित्र शास्त्रात आहे, कारण तो सगळा आक्रोश देवापुढे केलेला आहे. वधस्तंभावर खुद्द येशूने २२व्या स्तोत्राचेच शब्द उच्चारले: माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? त्या घटकेलाही तो 'माझ्या देवा' म्हणाला. तेव्हा विचारा, मोकळेपणाने विचारा.

आणि कुणी दुःखात असेल तर त्याला कारणं सांगायला जाऊ नका. सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र ७ दिवस, ७ रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर ठीक होतं. तोंड उघडलं आणि सगळं बिघडलं.

एलीया संदेष्ट्याचं पाहा. जिवावर उठलेल्या ईजबेल राणीच्या भीतीने तो रानात पळाला, झुडपाखाली बसला आणि म्हणाला, परमेश्वरा, आता पुरे, माझा जीव घे. आणि तिथेच झोपी गेला. देवाने त्याला रागावलं नाही. देवदूताने हलकेच स्पर्श करून उठवलं. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं होतं. एलीया खाऊन पुन्हा आडवा झाला, तेही चाललं. देवदूत दुसऱ्यांदा आला: ऊठ, खा, तुला लांबची वाट चालायची आहे.

आत्ता कुणी आजाऱ्याच्या उशाशी बसून हे ऐकत असेल, तर रेडिओचा आवाज जरा कमी करा. त्यांचा हात हातात घ्या, आणि माझ्याबरोबर एवढंच म्हणा: प्रभू, तू इथे आहेस. आमेन.