परक्या घरात राहायला जाताना

(पुण्यात, विद्यार्थी-देवाणघेवाणीत जर्मनीला जाणाऱ्या मुलांच्या पालकांसमोर जर्मन भाषा शिकवणाऱ्या एका शिक्षिकेने केलेलं भाषण, थोडं संपादित.)

नमस्कार. तुमचं अर्धं लक्ष व्हिसाकडे असणार, म्हणून तो विषय आधी संपवते. मूल अठराच्या आतलं असल्याने आई आणि वडील, दोघांचीही लेखी संमती लागेल. शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या व्हिसासाठी, प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. बाकी यादी शाळा देईल.

मला बोलायचंय ते तुमचं मूल तिथे एका कुटुंबात राहणार आहे त्याबद्दल. हॉटेल का नाही, वसतिगृह का नाही, असं दर वर्षी कुणीतरी विचारतं. हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, कारण त्याचं उत्तर बरंच जुनं आहे.

पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये अमेरिकन तरुण स्वतःहून रुग्णवाहिका चालवत आणि आघाडीवरून जखमी सैनिक आणत. १९१४ साली सुरू झालेल्या त्या कामातून ‘अमेरिकन फील्ड सर्व्हिस’ उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धात हीच मंडळी भारत-ब्रह्मदेश आघाडीपर्यंत आली होती. युद्ध संपल्यावर स्टीफन गलाटी आणि त्यांच्या सहकारी चालकांनी ठरवलं की आता शाळकरी मुलांना एकमेकांच्या देशांत पाठवायचं. १९४७ पासून वेगवेगळ्या देशांतली मुलं अमेरिकेत येऊन तिथल्या शाळांत शिकू लागली. ज्यांनी दोन युद्धांतले जखमी उचलले, त्यांना हे काम पुढचं वाटलं, याचा मी पुन्हा पुन्हा विचार करते.

जर्मनी आणि फ्रान्सचंही तसंच. सत्तर-पंचाहत्तर वर्षांत तीनदा लढलेले शेजारी. १९६३ च्या जानेवारीत पश्चिम जर्मनीचे चान्सलर आडेनाउअर आणि फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांनी मैत्रीचा करार केला आणि त्याच वर्षी दोन्ही देशांच्या तरुणांसाठी एक संयुक्त संस्था निघाली. तेव्हापासून लाखो मुलं एकमेकांकडे राहून आली आहेत. ज्या घरात आजोबांनी शेजारच्या देशाविरुद्ध बंदूक धरली होती, त्याच घरात त्या देशाचं मूल नाश्त्याला बसू लागलं. हे हॉटेलात कसं घडणार?

आता आपल्या मुलांकडे येऊ. तिकडे संध्याकाळचं जेवण बहुतेक घरांत थंड असतं: पाव, चीज, लोणी, काकडी-टोमॅटो. मूल फोनवर सांगेल, ‘आई, गरम काहीच नाही.’ घाबरू नका, दुपारी गरम मिळालेलं असतं. खरी अडचण वेगळीच आहे. आपल्याकडे ‘अजून घे’ म्हटलं की पहिल्यांदा ‘नको’ म्हणायचं, ही मुलांना आपणच लावलेली सवय. तिथे नको म्हणजे नको. भांडं पुढे सरकतं आणि मूल अर्धपोटी उठतं. यजमान बाईंना त्याचा पत्ताही नसतो, कारण त्यांनी मुलाच्या शब्दाचा मान ठेवलेला असतो. तेव्हा भूक असेल तर पहिल्यांदाच ‘हो’ म्हणायचं, याचा घरी आतापासून सराव करा. शाकाहारी असाल तर अंडं चालतं की नाही, हे फॉर्मवर स्पष्ट लिहा. चघळायच्या गोळ्यांत बहुधा प्राण्यांपासून काढलेलं जिलेटिन असतं, तेही मुलांना सांगून ठेवा.

रविवारी दुकानं बंद. प्लास्टिकच्या बाटलीवर बहुधा पंचवीस सेंट अनामत असते, ती दुकानातल्या यंत्रात बाटली टाकून परत मिळते. कचरा वेगवेगळ्या डब्यांत. हे सगळं मुलं दोन दिवसांत शिकतात, त्यावर मी वेळ घालवत नाही.

फोनबद्दल मात्र कळकळीने सांगते. उन्हाळ्यात जर्मनी आपल्या साडेतीन तास मागे. तुम्ही सगळं आवरून रात्री साडेदहाला निवांत व्हिडिओ कॉल लावता, तेव्हा तिथे सात वाजलेले असतात आणि घरचे सगळे टेबलाशी बसलेले असतात. दिवसभरात घरातली माणसं एकत्र बोलतात ती हीच वेळ, आणि नेमकं तेव्हाच तुमचं मूल मोबाईल घेऊन खोलीत जातं. मग महिनाअखेर त्याच्याकडे किल्ल्यांचे फोटो असतात, पण त्या घरात कोण कशावर हसतं हे त्याला माहीत नसतं. बोला, जरूर बोला, पण त्यांचं जेवण झाल्यावर, आणि रोज नको.

हिवाळ्यात तिकडची मुलं आपल्याकडे येतील. गेल्या खेपेला एका घरात पाहुण्या मुलीसाठी रोज श्रीखंड, पुरणपोळी, बाहेरचं जेवण. रोज गाडीने सिंहगड, शनिवारवाडा, मॉल. तिला ताट उचलू देत नव्हते. प्रेमच होतं ते, पण तिने मला विचारलं, ‘तुम्ही एरवी काय जेवता?’ मला फार वाईट वाटलं. तिला वरणभात द्या. मटार सोलायला बसवा. आजीबरोबर मंडईत पाठवा, तुमच्या मुलाच्या क्लासच्या वेळी तिला घरात एकटं वाचू द्या, आणि ती नको म्हणाली की वाढायचं थांबा.

यजमान व्हायला तयार असलेल्या पालकांनी आजच नावं द्यावीत. वेगळी खोली नसली तरी चालेल. मुलाच्या खोलीत दुसरी गादी पुरते, फक्त घरातल्या सगळ्यांना विचारून ठरवा. आजी-आजोबांनाही.