एका खोलीतला चित्रपट

श्रोतेहो, नमस्कार. नाटकावरून चित्रपट निघाला की समीक्षकांचा ठरलेला आक्षेप येतो : हे तर कॅमेऱ्यासमोर लावलेलं नाटकच! दिग्दर्शक विल्यम वायलरच्या १९५१ सालच्या ‘डिटेक्टिव्ह स्टोरी’वर तो आजही घेतला जातो. मला तो मुळीच पटत नाही.

सिडनी किंग्सलीचं मूळ नाटक १९४९ मध्ये ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, आलं आणि त्याचे ५८१ प्रयोग झाले. न्यूयॉर्कच्या पोलीस ठाण्यातली डिटेक्टिव्हांची खोली आणि एका दिवसात तिथे आणली जाणारी माणसं, एवढाच पसारा. वायलरनं कथा शहरभर फिरवली नाही. पार्श्वसंगीतही जवळजवळ नाही. ली गार्म्सच्या कॅमेऱ्यात पुढे कोणाचा तरी जबाब चाललेला असतो, आणि मागची माणसंही तितकीच लख्ख दिसतात. दुकानातून पर्स उचलल्याबद्दल पकडलेली एक बाई आहे, ली ग्रँटनं केलेली. आपल्या बारीकशा गुन्ह्यानं भेदरलेली ती, भोवतीचे मोठे गुन्हे डोळे विस्फारून पाहत बसते. ही खोली आपल्याला दिसते ती बरीचशी तिच्या नजरेतून.

‘न्यूयॉर्क टाइम्स’चे समीक्षक बॉस्ली क्राउदर यांनी तेव्हाच चित्रपटाची तारीफ केली होती. कर्क डग्लसच्या कडव्या, कुणालाही माफ न करणाऱ्या डिटेक्टिव्ह मॅक्लाउडबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं. पण माझ्या मते चित्रपटाचा कणा त्याच्या बायकोच्या भूमिकेतली एलिनॉर पार्कर आहे. बायकोचा लग्नाआधीचा भूतकाळ कळल्यावर मॅक्लाउड तिला गुन्हेगारासारखीच उलटतपासणीला उभी करतो. त्या प्रसंगात पार्कर आधी गयावया करते, मग हळूहळू ताठ होत जाते.

खरी उणीव वेगळीच आहे. मॅक्लाउड ज्याच्या मागे हात धुऊन लागलेला असतो आणि ज्याच्याशी बायकोचा भूतकाळ जोडलेला निघतो, तो डॉक्टर नाटकात बेकायदा गर्भपात करणारा होता. हॉलिवूडच्या तेव्हाच्या आचारसंहितेला तो शब्दच चालेना, म्हणून पडद्यावर त्याचा धंदा मोघम ठेवला गेला. मॅक्लाउडच्या संतापाचं मूळच त्यामुळे धूसर झालं. चित्रपटाला बोल लावायचाच तर इथे लावावा.

ली ग्रँटचा हा पहिलाच चित्रपट. तिला १९५२ मध्ये फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. ऑस्करसाठी वायलर, पटकथा, पार्कर आणि ग्रँट अशी चार नामांकनं होती, हाती एकही लागलं नाही. अभिनेत्रींची दोन्ही ऑस्कर त्या वर्षी ‘अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर’ला गेली, आणि तोही नाटकावरूनच बेतलेला चित्रपट होता.