पेनड्राइव्ह मेला होता, सर्व्हर चालूच होता

चवथीला दोन दिवस राहिले की गोव्यात कोणी कोणाचा फोन घेत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. मी म्हापशाच्या बाजारात माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या छताचं, सामान घेत होतो. एका हातात सुपाऱ्यांचा घड, दुसऱ्या हातात वाजणारा फोन. वेर्ण्याच्या एका कारखान्यातून. "भाई, लाईट येऊन तास झाला, पण सर्व्हर उठत नाही."

त्या एका सर्व्हरवर चार व्हर्च्युअल मशिनं, म्हणजे एकाच यंत्रात चालणारे चार आभासी संगणक, होती: टॅली, फाइलसर्व्हर, हजेरी आणि एक जुनं विंडोज, ज्याला हात लावायची कोणाची छाती नव्हती. खाली ईएसएक्सआय, म्हणजे ही मशिनं चालवणारं व्हीएमवेअरचं सॉफ्टवेअर (हायपरव्हायझर), आणि ते बसवलेलं मदरबोर्डवरच्या आतल्या यूएसबी पोर्टमधल्या पेनड्राइव्हवर. आता कोणी हसेल, पण तेव्हा ही सर्रास पद्धत होती. डिस्का सगळ्या मशिनांसाठी मोकळ्या राहत.

आणि ते चालायचंही छान. त्या काळातलं ईएसएक्सआय सुरू होताना पेनड्राइव्हवरून मेमरीत चढायचं आणि पुढे मेमरीतच राहायचं. तासाला एकदा सेटिंग्ज पेनड्राइव्हवर लिहायची, बाकी त्याच्याशी फारसा संबंध नाही. म्हणजे पेनड्राइव्ह एप्रिलात मेला तरी टॅली सप्टेंबरपर्यंत बिनबोभाट चालते. कळतं कधी? रीबूट केल्यावर.

म्हणून अशा वेळी माझा पहिला प्रश्न एकच: गाडी कुठल्या स्टेशनावर थांबली? बायोसला, म्हणजे बोर्डावरच्या सुरुवातीच्या प्रोग्रामला, पेनड्राइव्ह दिसतोय का? दिसत असेल तर बूटलोडर, म्हणजे ईएसएक्सआय मेमरीत चढवणारा छोटा प्रोग्राम, उठला का? तो उठला असेल तर हायपरव्हायझर अर्ध्यावर अडला का? लोक हे न बघताच पेनड्राइव्ह काढतात, दुसऱ्या पोर्टात घालतात, पुन्हा काढतात. पडद्यावरची शेवटची ओळ कोणी वाचत नाही. मी त्यांना फोनवर म्हटलं, काही हलवू नका, फोटो पाठवा.

फोटोत सर्व्हर नेटवर्कवरून बूट व्हायला बघत होता. म्हणजे तो पेनड्राइव्हपर्यंत पोचलाच नव्हता. तिथे जाऊन बायोस उघडलं, तर तारीख कित्येक वर्षं मागची. बोर्डावरचा सेल, आपला तो सीआर २०३२, तीन व्होल्टचा, संपलेला. वीज असेपर्यंत त्याचं काम पडत नाही, म्हणून तो संपल्याचंही कळत नाही. त्या दिवशी यूपीएसही बसला, सेटिंग्ज मूळपदावर गेली, बूटचा क्रम बदलला. सेल बदलला, पेनड्राइव्ह पहिला केला. बूटचा प्रकारही तपासला, कारण यूईएफआय या नव्या बूट पद्धतीत बसवलेलं ईएसएक्सआय लेगसीत, म्हणजे जुन्या पद्धतीत, टाकलं की ते अडून बसू शकतं.

मला वाटलं, सुटलो. बूटलोडर उठला, फाइली वाचू लागला आणि थांबला: फेटल एरर ३३, इनकन्सिस्टंट डेटा. याचा अर्थ पेनड्राइव्ह दिसतोय, पण त्यावरच्या फाइली सडल्यात. ईएसएक्सआय स्वतःच्या दोन प्रती ठेवतं, सुरुवातीला शिफ्ट आणि आर दाबून मागच्या प्रतीवर जाता येतं. गेलो. तीही वाचेना. लॉग बघावा म्हटलं तर तो मेमरीत होता, विजेबरोबर गेला.

तोवर तिथल्या मुलाने नवा पेनड्राइव्ह तयार केला होता. तोही बूट होईना. लॅपटॉपला लावून बघितलं, तर आत एकच आयएसओ फाइल (इन्स्टॉलरची अख्खी प्रतिमा), नीट कॉपी-पेस्ट केलेली! आयएसओ रुफससारख्या साधनाने लिहावी लागते, नुसती ठेवून चालत नाही. प्रॉक्समॉक्सची (ईएसएक्सआयसारखंच दुसरं सॉफ्टवेअर) असेल तर रुफसमध्ये डीडी मोडच निवडा, तो प्रतिमा जशीच्या तशी लिहितो. मुलाला बोललो नाही. मीही कधीतरी हेच केलंय.

मग छोटी एसएसडी लावली. त्याआधी सर्व्हर बंद करून डेटाच्या डिस्कांच्या ट्रेंवर मार्करने क्रमांक घातले आणि त्या बाहेर ओढल्या. इन्स्टॉलर 'कुठल्या डिस्कवर?' विचारतो, आणि घाईत बोट चुकतं. ईएसएक्सआय बसल्यावर बंद करून ट्रे त्याच क्रमाने आत. डेटास्टोअर, म्हणजे मशिनांच्या फाइलींची जागा, जसंच्या तसं दिसलं, मशिनं एकेक करून रजिस्टर केली. हे दहा मिनिटांचं काम. खरी रात्र गेली नेटवर्कमध्ये. कुठल्या पोर्टग्रुपला (मशिनांच्या नेटवर्क जोडणीला) कुठलं व्हीलॅन (नेटवर्कचा वेगळा केलेला भाग), ते मेलेल्या पेनड्राइव्हवरच होतं.

आज कोणी नवा सर्व्हर पेनड्राइव्हवर बसवू म्हणालं तर मी सरळ नको म्हणतो. २०२० मध्ये आलेल्या ईएसएक्सआय ७.० पासून डिस्कची मांडणी बदलली, बूटच्या माध्यमावर लिहिणं वाढलं, आणि साधे पेनड्राइव्ह, एसडी कार्डं त्यात झिजतात. व्हीएमवेअरनेच पुढे नुसत्या यूएसबीवर अवलंबून राहू नका म्हणून सांगितलं. प्रॉक्समॉक्स तर लॉग, आलेखांची आकडेवारी सतत लिहीत असतं. त्यात आपल्याकडची जून ते सप्टेंबरची दमट हवा. समुद्राजवळच्या हापिसात यूएसबीचे पितळी संपर्क हिरवे पडलेले मी पाहिलेत.

ज्यांचे जुने सर्व्हर अजून पेनड्राइव्हवर चालू आहेत, त्यांनी ते चालू असतानाच कॉन्फिगरेशनचा बॅकअप काढून दुसऱ्या यंत्रावर ठेवावा. एका कमांडचं काम आहे. फक्त तो त्याच बिल्डच्या, म्हणजे नेमक्या त्याच आवृत्तीच्या, ईएसएक्सआयवर परत चढतो. वेर्ण्याच्या त्या सर्व्हरच्या झाकणाला आतून मी बिल्ड नंबरची चिठ्ठी चिकटवलीय, शेजारी सेल बदलल्याची तारीख.