हडंब्याचे पट्टे

शेतकरी बंधू-भगिनींनो, राम राम.

हरभऱ्याचे घाटे भरत आलेत, थोड्याच दिवसांत मळणी सुरू होईल. हडंबा, म्हणजे आपलं मळणी यंत्र, मात्र अजून ताडपत्रीखाली, आणि त्याच्यावर कोंबड्या. आज त्याच्या पट्ट्यांविषयी बोलू.

गेल्या हंगामातली माझीच फजिती सांगतो. कापून रचलेल्या पिकाची सुडी निम्मी झाली होती, दिवस कलला होता, आणि जळक्या रबराचा वास आला. ड्रमला तीन पट्टे. त्यातला एक तुटून भुसकटात पडला. तालुक्याला जाऊन त्याच नंबरचा एक आणला, चढवला. दुसऱ्या दिवशी दुपारी तोच कोरा पट्टा तुटला! दुकानदाराच्या नावानं खूप बोटं मोडली. पण चूक माझीच. जुने दोन चालून चालून ताणलेले, नवा त्यांच्यापेक्षा आखूड. तिघांचा भार त्या एकट्यावर आला. तेव्हा तीन असतील तर तिन्ही बदला, एकाच कंपनीचे, एकाच नंबरचे. पट्ट्यावर ‘बी 72’ असं काही छापलेलं असतं. बी म्हणजे वरची रुंदी 17 मिलिमीटर, आणि 72 ही आतली लांबी, इंचात. हा छाप लवकर पुसतो. आजच शेडाच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवा.

पण त्याआधी पुली बघा. हा व्ही आकाराचा पट्टा पुलीच्या खाचेत पकड घेतो ती दोन्ही तिरक्या बाजूंनी. खाचेच्या तळाला तो टेकायलाच नको. खाच झिजली की पट्टा खाली बसतो, घसरतो, तापतो. तळ घासून चकाकत असेल तर पुली गेली म्हणून समजा. तिच्यावर कितीही भारी पट्टा घाला, हंगाम निघणार नाही. मग दोन्ही पुल्यांच्या तोंडावर सुतळी ताणून धरा. कुठं फट दिसली तर पुल्या एका रेषेत नाहीत.

चढवताना टामीनं, म्हणजे लोखंडी दांड्यानं, ओढून बसवायची आपल्याला भारी हौस. त्यानं आतले दोरे तुटतात आणि बाहेरून काही कळत नाही. ताणाचा बोल्ट सैल करा, पट्टा हातानं बसतो. नंतर ताण द्या. दोन पुल्यांत मीटरभर अंतर असेल तर मधोमध दाबल्यावर पट्टा दीडेक सेंटीमीटर दबावा. घसरतो म्हणून राळ नाहीतर डांबर चोपडणारे आहेत. तासभर बरं चालतं, मग भुसकट चिकटून पट्ट्याची पार वाट लागते.

इंजिनावरचा जुना सपाट पट्टा असेल तर क्लिपांचा सांधा तपासा. क्लिपा उघडल्या असतील तर टोक गुण्या लावून अगदी काटकोनात कापा. तिरकं कापलं की पट्टा पुलीवरून उतरलाच.

हे सगळं करताना ट्रॅक्टरची किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा. बंद केल्यावरही ड्रम बराच वेळ फिरत राहतो, तो थांबेपर्यंत हात लावू नका. 1983 च्या धोकादायक यंत्रांच्या कायद्याच्या व्याख्येतच मळणी यंत्राचं नाव आहे, ते उगाच नाही. पट्ट्यांवरची जाळी बसवल्याशिवाय चालू करू नका. पदर, उपरणं खोचून घ्या.

नवे पट्टे अर्धा तास चालले की मशीन थांबवून ताण पुन्हा बघा, तेवढ्यात ते सैल पडतात. जुन्यातला एखादा धड असेल तर अडीनडीला जरूर टांगून ठेवा, फक्त नव्यांच्या जोडीला घालू नका.

नमस्कार.